बिनकोलांटीचा गट

गोंडपिपरी
मंगळवार, २७ जानेवारी २०२६

दिव्यानी,

तू मले मोबाईलवर ब्लॉक केलं, म्हणून हा कागद. ब्लाऊजचा नमुना कापायचा तपकिरी कागद आहे, दुकानात दुसरा नव्हता. प्रवीण भाऊजी उद्या बायकोले भेटाले तुझ्या माहेरी वरोऱ्याले येऊन राह्यले, त्यांच्याजवळ देते. फाडशीन तर फाड, पण वाचून फाड.

ताटावरून उठून गेली तू. आता गावात एकच गोठ, रुखमाबाईची लहान सून रुसून माहेरी गेली. अन् लगेच पुढचं, मोठ्या जावेनं काही केलं असन. हे बरं आहे बाप्पा! करायचं तू अन् नाव माझं.

सासूबाईंनी विचारलं, नागपूरच्या स्पर्धेत असं झालं तरी काय? मी बसून समजावलं. म्हटलं, माय, या चिअरलीडिंगच्या खेळात गट असतात. टणाटण कोलांट्या मारणाऱ्या पोट्ट्यांचा गट अलग. आमचा गट मोठ्या बायांचा, ज्यांची कंबर धरते, ज्यांले हात टेकून बाजूनं फिरायच्या गाडीचाकाच्या पुढं काही येत नाई. त्याले तिकडं 'लिमिटेड टंबलिंग' म्हणतात, आम्ही बिनकोलांटीचा गट म्हणतो. एकीले वर उचलायचं, नाचायचं, ओरडायचं. लोळण चालते, गाडीचाक चालते. पण धावत येऊन हातावर उलटी होऊन पलीकडं पायावर उभी राह्यली, तर गुण कापतात. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे चांगलं केलं म्हणून गुण कापले?" मी म्हटलं, हाव. तर म्हणतात, "मग दिव्यानीनं चांगलंच केलं ना!"

पाह्य. दंड झाला तरी तारीफ तुझीच.

तीन गुणांनं गेला आपला पहिला नंबर. परीक्षकांच्या कागदावर साफ लिहिलं होतं, शेवटच्या आठ मोजणीत एका खेळाडूची गटात न बसणारी कोलांटी, पाच गुण कमी. नाव नव्हतं लिहिलं. पण नावाची गरज काय? कॉलेजात जिमनॅस्टिक कोण करे? सरावात गंमत म्हणून दोनदा उलटी कोणी मारली? शेवटच्या आठात सगळ्यांच्या पुढं कोण होती? आपल्या संघातल्या जमीलाच्या नवऱ्यानं, बशीरभाऊनं, अडीच मिनिटं मोबाईल तुझ्यावरच धरला होता, अन् तू पिरॅमिडवरून खाली उतरल्याबरोबर टाळ्या वाजवाले खिशात टाकला. नाईतर दूध का दूध झालं असतं.

कुलदीप सरांनी संघातल्या सगळ्यांले विचारलं, तसं मलेही विचारलं. मी मागं, डाव्या कोपऱ्यात. मले काय दिसणार? तुझ्याबद्दल मी एक शब्द वाईट बोलली नाई, देवाशपथ.

माझं ऐक. कबूल करून टाक. "जोशात झालं" म्हण. बाया चार दिवस बोलतील, मग विसरतील. तुले माफ कराले लोकांले किती वेळ लागते? तू हसली का झालं.

तुझी जाऊ,
रंभा

गोंडपिपरी
बुधवार, ४ फेब्रुवारी

दिव्यानी,

उत्तर नाई. भाऊजी म्हणाले, कागद वाचला अन् पेटीत ठेवला. ठीक आहे.

बातमी ऐक. नागपुरात पहिल्या आलेल्या संघात एक पोट्टी अठराच्या आतली निघाली. त्यांचा नंबर गेला. आता पुण्याच्या देशपातळीच्या स्पर्धेले आपण जाऊन राह्यलो! गोंडपिपरीच्या वाघिणी! (नाव काय ठेवलं वं सरांनी. आपल्या जिल्ह्यात क्रिकेटचा संघ वाघ, गणपतीचं मंडळ वाघ, चहाची टपरीही वाघ.) नऊ जणींची यादी वीस तारखेच्या संध्याकाळपर्यंत पाठवायची आहे. एकदा गेली का त्यात बदल नाई.

तुझं नाव त्यात नाई. परवा हात वर करून ठरलं. सोमारीनं हात वर केला नाई. वनरक्षक आहे ना ती, म्हणे पुराव्याशिवाय मी कोणाले पकडत नाई. बाकी सगळ्यांनी केला. मीही केला. नसता केला तर लोक म्हणले असते, घरचं माणूस वाचवते.

वर आता मी जाईन. माझ्या जागी खाली राखीवातली झिंगू येईन, भाजीबाजारातली.

खरं सांगू? मले आनंद झाला. घरी येऊन एकटीनं मोठ्या गिलासात चहा पेली, साखर टाकून. तुले वाईट वाटत असन तर वाटू दे.

तुले माहीत नाई पयले कसं होतं. कुलदीप सर बाहेरून शिकून आले, मंगल कार्यालयाच्या हॉलात आम्हा बायांले जमा केलं, तेव्हा सगळ्यात हलकी मी होती. पयल्यांदा मलेच उचललं. छत्तीस वर्षांची बाई, दोन लेकरांची माय, अन् पंख्याची पाती हाताजवळ! खाली सगळ्यांचे तोंडं वर. तोवर माझ्याकडं कोणी मान वर करून पाह्यलं नव्हतं. दुकानात बाया उभ्या राहतात अन् मी त्यांच्या कमरेजवळ टेप धरून वाकलेली. घरी चुलीजवळ वाकलेली. वावरात धानाचा रोवणा करताना वाकलेली.

मग तुझं लग्न झालं. घरात कंटाळते बिचारी म्हणून तुले हॉलात कोण घेऊन गेलं? मी. मीच! सरांनी तुले काट्यावर उभं केलं. बेचाळीस किलो. लगेच म्हणतात, "रंभाताई, तुम्ही खाली या, तुमचे खांदे मजबूत आहेत." असं गोड बोलून माणसाले खाली उतरवतात.

तेव्हापासून वर्षभर तुझा डावा पाय माझ्या हातात. तुझ्या बुटाची धूळ माझ्या गळ्यावर. तू वर हात पसरून हसते अन् मी खाली दात आवळून आठ मोजते. पेपरात फोटो आला, आठव. तू सगळी आली, केसातल्या पिनेसकट. माझं एक कोपर आलं. सासूबाईंनी तो फोटो कापून देव्हाऱ्याजवळ चिकटवला, अन् कापताना ते कोपरही गेलं. तुझ्या ड्रेसवरच्या टिकल्याही मीच टाचल्या, बाकीच्यांपेक्षा दुप्पट. सर म्हणाले, वरच्या पोरीवर उजेड पडला पाहिजे. मी सुईत दोरा ओवत बसली तेव्हा अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

अन् एक सांगून ठेवते. त्या कमानीच्या कोलांटीचं एवढं काही कौतुक नको. दोन पावलं धावायचं, हात टेकायचे, कोपरं वाकवायची नाई, डोळे बोटांवर ठेवायचे, कंबर घाईनं सोडायची नाई. बस. एवढंच असते. असं मी ऐकलं आहे.

रंभा

गोंडपिपरी
गुरुवार, १२ फेब्रुवारी

दिव्यानी,

तीन दिवस मी वर जाऊन राह्यली. पंखा तिथीच आहे. पण खाली झिंगूची पकड ढिली पडते अन् सोमारी दुसऱ्या पायाखालून म्हणते, "बाई, तुम्ही भरल्या वं." सर टाळ्या वाजवतात. तुले वाजवत तशा नाई. सरावाले नवीन पोरीले वाजवतात ना, तशा. मले दोघांतला फरक समजते.

काल प्रवीण भाऊजी दुकानात आले. मशीन चालू होती तरी उभेच राह्यले. म्हणाले, "वहिनी, ती म्हणते नाव साफ झाल्याशिवाय या घरात पाय टाकणार नाई. मी तिले घ्याले दोनदा गेलो. ती रडत नाई, भांडत नाई. नुसती म्हणते, मी गाडीचाक मारलं, तेवढंच. ती खोटं बोलत नाई, वहिनी. तुम्ही तर तिच्यामागंच होत्या!" अन् तुझी चिठ्ठी देल्ली. "ताई, तुम्हाले तरी माहीत असन." बस, एवढीच ओळ.

तुले कळलं आहे का? का अंदाजानं लिहिलं? कालपासून माझ्या हातून एकही बाही सरळ लागली नाई.

घे मग.

ते मी केलं.

माझ्या माहेरी, नदीपलीकडं, दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते, तिथी दंडार होते, नाच-सोंगाचा खेळ. माझा मामा दंडारीत सोंग घे अन् मधेच अशी कमान मारे का लोक शिट्ट्या मारत. पोरींले दंडारीत घेत नाई. मी धान झोडल्यावर तणसाच्या ढिगावर शिकली, मामानंच शिकवली, पण मंडईत कधी करू देल्ली नाई. वयात आल्यावर आईनं तेही बंद केलं. तुम्ही बाया मले गाडीचाकापुरती समजत होत्या. मी बोलली नाई कधी. बोलून काय, आपला गटच बिनकोलांटीचा.

दिवाळीले माहेरी गेली तेव्हा तणसावर पुन्हा मारून पाह्यली. तिसऱ्या वेळेस जमली. या वयात, दिव्यानी! मी तिथी एकटीच हसत बसली होती.

तुले माहीतच आहे, शेवटच्या आठात तू पुढं जाऊन गाडीचाक मारते अन् आम्ही मागं दोन्ही हात वर करून पुतळ्यासारख्या उभ्या राहतो. आठ मोजणी. वर्षभर मी ते आठ मोजले अन् दर वेळेस लोकांचे डोळे तुझ्यावर. त्या दिवशी पूर्ण स्टेडियम तुझ्या नावानं ओरडत होतं. माझ्या आत असं काही भडकलं का मले नियम आठवलाच नाई. खोटं. आठवला होता. मी म्हटलं, जाऊ दे गुण, एकदा मले पाहू दे लोकांले. दोन पावलं धावली अन् मारली. मस्त मारली. पाय असे टपकन जुळले!

अन् कोणी पाह्यलं नाई. समोरच्या बाया पाठमोऱ्या, लोक तुझ्याकडं, बशीरभाऊचा मोबाईल खिशात. तीन परीक्षकांनी पाह्यलं, अन् त्यांनी माझं नाव नाई लिहिलं.

सर मले विचारत होते तेव्हा सांगणारच होती. तोंड उघडलं अन् निघालं, "मले दिसलं नाई, पण तिले तशी सवय आहे." एक शब्द वाईट बोलली नाई, असं मी पयल्या कागदात देवाशपथ लिहिलं. ते खोटं. तुझं नाव याच वाक्यानं गेलं.

हा कागद जाळून टाक. वीस तारखेपर्यंत कोणाले सांगू नको. एकदा मले पुण्याले वर जाऊ दे, फक्त एकदा. मग मी स्वतः सांगीन. तुझ्या पाया पडते म्हण.

रंभा

गोंडपिपरी
मंगळवार, १७ फेब्रुवारी

दिव्यानी,

शिवरात्रीले सासूबाई मार्कंड्याच्या जत्रेले गेल्या, मी घरी एकटी होती. दिवसभर दाराकडं पाहत. मले वाटलं भाऊजी येतील, माझा कागद हातात घेऊन, शिव्या देत. सर येतील. जमीला येईन अन् चौकात मले झापीन.

भाऊजी आले अन् म्हणाले, "वहिनी, चहा ठेवता का?"

म्हणजे तू त्यांलेही दाखवला नाई! मी आडून विचारलं, दिव्यानी काही बोलली का? ते म्हणाले, "बोलली. ताईंले म्हणा, त्यांले सांगायचं असन तेव्हा सांगतील."

तू अशी काऊन आहे वं? एक फोटो काढून मोबाईलवर टाकला असता तर सगळं संपलं होतं. तुझी वापसी झाली असती, माझं तोंड काळं झालं असतं. मी तुले हातात कोयता देल्ला अन् तू तो बाजूले ठेवून देल्ला. आता हेही तूच चांगलं करशीन का? वजन तुझं कमी, रंग तुझा उजळ, सासू तुझी, टाळ्या तुझ्या. चांगुलपणा तरी माझ्यासाठी ठेवायचा होता.

मले तुझा इतका राग येऊन राह्यला का हा कागदही फाटून राह्यला पेनानं.

सराव चालू आहे. आज वर गेली, हात पसरले अन् मले कोणाचंच तोंड दिसेना. सगळे पाहत होते, तरी दिसेना. सर म्हणाले, "ताई, हसा." मी हसली.

तीन दिवस राह्यले.

रंभा

गोंडपिपरी
शनिवार, २१ फेब्रुवारी

दिव्यानी,

अक्षर वाकडं येऊन राह्यलं, उजवं मनगट सुजलं आहे. वाचून घे.

काल दुपारी सर हॉलात खुर्चीवर बसून यादी लिहीत होते. सगळ्या जमल्या होत्या. संध्याकाळी तिथी लग्न होतं म्हणून मॅट गुंडाळून भिंतीले लावलेल्या. मी म्हटलं, सर, थांबा, नागपुरात ती कोलांटी दिव्यानीनं नाई, मी मारली.

तुले काय वाटते, काय झालं असन?

हसल्या सगळ्या!

जमीला माझा हात धरून म्हणते, "बाई, जावेसाठी एवढं खोटं कायले बोलता? मोठं मन आहे तुमचं." सोमारी म्हणते, "या कमरेनं? परवा तर खाली वाकता येत नाई म्हणून बूट मी बांधून देल्ले." सर एकदम हळू आवाजात म्हणाले, "रंभाताई, घरची गोष्ट घरी मिटवा. दिव्यानीवर माया आहे ते समजते. पण यादीत असं चालत नाई." अन् लिहाले लागले. एक नंबरले माझं नाव. मी उलटं वाचलं, वळणदार अक्षरात, रंभा.

तिथी गप्प बसली असती तर कोणाचं काय गेलं असतं? मी सांगून मोकळी झाली होती. कोणी मानलं नाई तर माझा काय दोष? हे मी खरंच मनात म्हटलं. तुझ्यापासून लपवत नाई आता.

मग मी ओढणी काढून खुर्चीवर ठेवली. जमीला म्हणाली, अवं बाई, काय करता, खाली फरशी आहे. मी दरवाजापर्यंत मागं गेली अन् धावली.

हात टेकले तेव्हा मनगटात कट् आवाज आला. पण कंबर सोडली नाई मी. पलीकडं दोन्ही पायांवर उभी. सरळ.

दिव्यानी, त्यांनी टाळ्या वाजवल्या वं! सोमारीनं गळ्यातली जंगलातली शिट्टी फुंकली. झिंगू "माय वं, माय वं" करत नाचत होती. सर खुर्चीवरून उठून उभे राह्यले. आठ जणी माझ्याकडं पाहत होत्या, फक्त माझ्याकडं. किती वेळ? पाच-सहा मोजणी असन. मी मोजली नाई.

मग जमीलाचे हात मधेच थांबले. तिनं विचारलं, "म्हणजे त्या दिवशी..." तिनं हळूच हात खाली केले. बाकीच्यांनीही केले.

सर म्हणाले, "मी तुम्हाले विचारलं होतं ताई. तुम्ही म्हणाल्या, तिले सवय आहे." मी म्हटलं, हाव. त्यांनी नाव खोडलं. नियम माहीत असून मारली, अन् दुसरीवर लोटलं, म्हणून पुण्याले नाई अन् पुढचं वर्षभरही नाई. मी म्हटलं, बरोबर आहे. एक नंबरले तुझं नाव लिहिलं, सगळ्यांच्या समोर, अन् माझ्या समोरच यादी पाठवली. सोमारी म्हणाली, मी म्हटलं नव्हतं का, पुरावा पाहिजे. माझ्याशी बोललेली ती एकटीच.

घरी येऊन सासूबाईंले अन् भाऊजींले सांगतलं. भाऊजी उठून बाहेर गेले. सासूबाईंनी मनगटाले हळद लावून देल्ली, पण तोंड फिरवून. ह्यांनी एवढंच म्हटलं, "तू तिले भेटून माफी माग." मागते. इथी लिहून मागते, अन् तू आल्यावर दारात मागीन, सगळ्यांच्या देखत. तुझ्यावर आळ घेतला, तुले घराबाहेर काढलं, माफ कर म्हणायले मले तोंड नाई, तरी म्हणते. माफ कर.

पण माझी जळकुकडी सवय गेली असं समजू नको. आज सकाळी भाजीबाजारात झिंगूकडं गेली. तुझ्या डाव्या पायाखाली आता ती राहणार, अन् तुझा तो पाय वर गेला का आतल्या बाजूले लवते, हे तिले कोण सांगणार? सरांलेही माहीत नाई. वर्षभर मीच चूपचाप अंगठ्यानं दाबून सरळ करत होती. तुलेही माहीत नसन. तिले बाजूले घेतलं, वांग्याच्या रिकाम्या पेटीवर तिच्या लेकीले उभं केलं अन् दाखवलं, टाच तळहातात, अंगठा घोट्याच्या आत, पाचव्या मोजणीले जरासा दाब. आठ वेळा दाखवलं, तिले जमेना. नवव्या वेळेस जमलं. एकदम बरोबर जमलं, अन् माझ्या पोटात असं दुखलं वं, असं दुखलं! वर जाण्यासाठी मी वर्षभर जळली तेव्हाही इतकं दुखलं नव्हतं. तिथीच वांग्यांजवळ बसून रडली मी. झिंगूले वाटलं मनगट दुखून राह्यलं.

भाऊजी उद्या सकाळी तुले घ्याले येऊन राह्यले. सराव सोमवारपासून, दुपारी चार वाजता. मी हॉलात येणार नाई. तुझा ड्रेस कमरेत ढिला झाला असन, आल्याबरोबर दुकानात ये, मापं घेते.

रंभा